ऊस हंगामात सांगली–तासगाव रस्त्यावर ट्रॅक्टरमागे अडकलं की डोकं फिरतं. राग कसा आवरायचा?

'हा मुद्दाम वाट देत नाही' हा विचार आधी डोक्यातून काढा, कारण राग अडकण्यापेक्षा त्या विचाराने जास्त भडकतो. दोन ट्रॉल्या भरून ऊस लादलेला ट्रॅक्टर कच्च्या साइडपट्टीवर उतरला, तर ट्रॉली कलंडते; म्हणून तो डांबर सोडत नाही. वर टेप मोठ्याने लावलेला असतो, हॉर्न ऐकूच जात नाही. माझं रोजचं जाणं-येणं याच रस्त्यावर आहे. हॉर्न दाबून धरणारे पाच मिनिटांत वळणावर ओव्हरटेक करायला जातात, हे इतक्यांदा पाहिलंय की पोटात गोळा येतो.

करायचं एवढंच:
- नोव्हेंबर ते मार्च वीस मिनिटं आधी निघा.
- ट्रॉलीपासून लांब राहा, म्हणजे समोरचं दिसतं. रात्री डिपर एकदाच द्या.
- मागचा अंगावर येत असेल, तर त्याला जाऊ द्या. नजर भिडवू नका, हातवारे तर नकोतच.

मात्र कोणी गाडी आडवी घालून खाली उतरला, तर समजूत घालत बसू नका. काचा वर, दारं लॉक आणि ११२ ला फोन.