बाँड अप दिसतोय पण निम्मं घर ऑफलाइन: आधी पार्टनर मॅक बघा

तुमची पोस्ट वाचली आणि जुना ताप आठवला. तुमचं म्हणणं असं: डेबियन (लिनक्स) टाकलेला मिनी पीसी राउटर म्हणून, त्याचे दोन पोर्ट बाँड करून, म्हणजे दोन वायरींची मिळून एकच जोडणी करून, स्विचला, स्विचच्या सेटिंगच्या पानावर लॅग (स्विचच्या बाजूची तीच जोडणी) हिरवा, राउटरवर बाँड अप, आणि तरी मोबाइल चालतोय पण टीव्ही आणि प्रिंटरला आयपीच मिळत नाही, आणि राउटर रीबूट केला की कधी टीव्ही चालू अन् मोबाइल बंद. ही अदलाबदल तुम्ही शेवटी जाता जाता लिहिलीय, पण माझ्या मते सगळं उत्तर तिथेच आहे. डीएचसीपी (आयपी वाटणारी सेवा) किंवा फायरवॉलचा घोळ असता तर रीबूटनंतर आजारी उपकरणं अशी बदलली नसती.

बाँड कसा बनवायचा वगैरे सांगत बसत नाही, ते तुम्ही केलंयच. प्रॉक, त्यात नेट, त्यात बाँडिंग, त्यात तुमच्या बाँडच्या नावाची फाइल, ती कॅट करा, म्हणजे उघडून वाचा, पण सुडो (अ‍ॅडमिनचे अधिकार) लावून, नाहीतर पार्टनरची ओळ दिसतच नाही आणि माणूस उगाच शोधत बसतो. एमआयआय स्टेटस अप आहे याला काही अर्थ नाही, वायर लागलीय एवढंच ते सांगतं. बघायचं ते समोरच्या उपकरणाचा, म्हणजे स्विचचा, पार्टनर मॅक अ‍ॅड्रेस आणि दोन्ही पोर्टांचा, म्हणजे कुठला पोर्ट कुठल्या गटात हे सांगणारा, अ‍ॅग्रिगेटर आयडी. पार्टनर मॅक सगळा शून्य आणि आयडी दोन वेगळे, असं असेल तर तुमचा स्विच एलएसीपी, म्हणजे दोन्ही टोकांनी एकमेकांशी बोलून बाँड जुळवायचा प्रोटोकॉल, बोलतच नाहीये. त्याने नुसता स्टॅटिक (समोरच्याला न विचारता) लॅग केलाय, म्हणजे दोन्ही पोर्ट एकच समजून तो मॅकच्या हिशोबाने काही उपकरणांचं ट्रॅफिक या वायरवर, काहींचं त्या वायरवर टाकतोय. इकडे लिनक्सला समोरून कोणी उत्तर देत नाही म्हणून तो प्रत्येक पोर्टाचा वेगळा अ‍ॅग्रिगेटर धरतो, त्यातला एकच चालू ठेवतो आणि दुसऱ्यावर आलेलं सगळं गुपचूप टाकून देतो. म्हणून निम्मं घर. रीबूटनंतर चालू अ‍ॅग्रिगेटर दुसरा निवडला गेला की दुसरं निम्मं.

खात्री करायची तर टीसीपीडंप (पॅकेटं बघायचं टूल) बाँडवर न लावता खालच्या एकेका पोर्टावर लावा आणि एथरटाइप ८८०९, म्हणजे एलएसीपीची पॅकेटं, बघा. स्लो रेटवर ही पॅकेटं दर ३० सेकंदांनी येतात, त्यामुळे दहा सेकंद बघून ‘काही येत नाही’ म्हणू नका. आणि फक्त स्वतःच्याच मॅकवरून जाणारी दिसली तर झालं, निकाल लागला.

आता यात माझे सगळ्यात जास्त दिवस कुणी खाल्ले असतील तर स्विचवाल्या कंपनीच्या सपोर्टने, नाव घेत नाही. खोक्यावर ठळक ‘८०२.३एडी लिंक अ‍ॅग्रिगेशन’. ८०२.३एडी म्हटल्यावर एलएसीपी असणारच असं कुणीही धरेल, २००० साली ते त्याच स्टँडर्डमध्ये आलं (२००८ पासून त्याला ८०२.१एएक्स म्हणतात, मॅन्युअलमध्ये तसं दिसलं तर घाबरू नका). मी सरळ एकच प्रश्न विचारला होता, या मॉडेलमध्ये एलएसीपी आहे का, हो की नाही. उत्तर आलं फर्मवेअर अपडेट करा. केलं. मग फॅक्टरी रीसेट करून स्क्रीनशॉट पाठवा. पाठवले. मग राउटर कुठल्या कंपनीचा? म्हटलं घरी जमवलेला आहे, तर म्हणे असेंबल्ड राउटर आमच्या कक्षेत येत नाही, आणि तिकीट बंद. परत उघडलं तर नवीन माणूस, परत फर्मवेअरपासून सुरुवात. शेवटी स्विच बदलून दिला, तोही त्याच हार्डवेअर व्हर्जनचा, म्हणजे परत तेच. त्याच मॉडेल नंबरच्या पुढच्या व्हर्जनमध्ये एलएसीपी होतं आणि जुन्यात कुठल्याही फर्मवेअरने येणार नव्हतं, हे मला त्यांच्याच साइटवरच्या मॅन्युअलमध्ये एका तळटीपेत सापडलं. ती तळटीप सपोर्टच्या एकानेही वाचलेली नसावी. असो, बीपी वाढतो.

तुमच्याही स्विचच्या मेनूत फक्त ‘लॅग’ किंवा ‘ट्रंक’ असेल आणि अ‍ॅक्टिव्ह-पॅसिव्ह निवडायची सोय नसेल तर तो स्टॅटिकवालाच समजा. मग राउटरवर मोड ४ (एलएसीपीवाला) ऐवजी मोड २, म्हणजे बॅलन्स-एक्सओआर ठेवा, हॅश पॉलिसी (कुठलं ट्रॅफिक कुठल्या वायरवर ते ठरवायचा नियम) लेयर २+३, म्हणजे मॅक आणि आयपी दोन्ही बघून, एमआयआय मॉनिटर १००, म्हणजे दर १०० मिलिसेकंदांनी वायर तपासणं. दोन्ही बाजू स्टॅटिक झाल्या की भांडण मिटतं. तोटा एवढाच की वायर जिवंत पण चुकीच्या पोर्टात, असं काही झालं तर कुणी ओरडणार नाही, ट्रॅफिक नुसतं गायब. एकाच कपाटात दोन हात लांबीच्या वायरी असतील तर मी ते चालवून घेईन. ऑफिसला वापरायचं असेल तर एलएसीपीवाला स्विचच घ्या, माझ्या भरवशावर राहू नका, मी नेटवर्क इंजिनिअर नाही. आणि फ्रीबीएसडीवाल्या फायरवॉलमध्ये हे वेगळं वागतं, हे सगळं फक्त लिनक्सचं आहे.

मोड ६ लावा, त्याला स्विचचा सपोर्टच लागत नाही, असं इथेच कुणीतरी सांगेल. बरोबर आहे, पण तो एआरपीशी (आयपीवरून मॅक शोधायची पद्धत) खेळून काम करतो, आणि राउटरवर ब्रिज किंवा व्हर्च्युअल मशीन असेल तर मी त्या वाटेला जाणार नाही. वैयक्तिक मत.

अजून एक, बाँड नीट लागल्यावर परत पोस्ट येईल म्हणून आत्ताच सांगतो: एक गिगाबिटच्या पोर्टांवर एक फाइल कॉपी केली की सेकंदाला ११०-११५ मेगाबाइटच दिसणार. एक कनेक्शन एकाच वायरवरून जातं. आयपर्फला (वेग मोजायचं टूल) आठ स्ट्रीम दिले तरी हॅश लेयर २ वर असेल तर त्याच दोन मशिनमध्ये सगळे आठ एकाच वायरवर बसतात, कारण मॅकची जोडी तीच. आणि दोन कंपन्यांच्या फायबर लाइन अशा बाँड होत नाहीत, तो मल्टी-वॅनचा विषय, वेगळा. खरं सांगू का, तुमच्या मिनी पीसीला २.५ गिगाबिटचे पोर्ट असतील तर २.५ चा स्विच घ्या आणि बाँड सोडा, कॅट ५ई वायरवर चालतं, घरातलं केबलिंग बदलावं लागत नाही.

त्या फाइलमधला पार्टनर मॅक, दोन्ही अ‍ॅग्रिगेटर आयडी आणि स्विचच्या तळाला स्टिकरवर असलेलं हार्डवेअर व्हर्जन इथे टाका. सिरीयल नंबर झाकून.