विरुद्ध पक्षाच्या तज्ज्ञाची साक्ष: आव्हान नेमके कुठे द्यावे?

बुडालेल्या नफ्याच्या भरपाईसाठी दाखल झालेल्या दिवाणी दाव्यात वादीने लेखातज्ज्ञाचा अहवाल दिला आहे, त्या तज्ज्ञाला संबंधित व्यवसायाचा अनुभव फारसा नाही, तेव्हा एवढ्या कारणावर त्याची साक्ष बाद होईल का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते सहसा होत नाही. पात्रतेच्या बाबतीत न्यायालये उदार असतात, आणि पदव्यांवर तासभर प्रश्न विचारल्याने साक्षीदार सावध होण्यापलीकडे काही साधत नाही.

आव्हान द्यायचे ते आधारभूत माहिती आणि निष्कर्ष यांना जोडणाऱ्या दुव्याला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९३ च्या डॉबर्ट निकालात तज्ज्ञाची पद्धत विश्वासार्ह आहे की नाही हे पाहण्याची जबाबदारी न्यायाधीशांवर टाकली. १९९७ च्या जॉइनर निकालात, केवळ तज्ज्ञ म्हणतो म्हणून माहितीशी जोडलेले मत स्वीकारण्याचे बंधन न्यायालयावर नाही, असे स्पष्ट केले. आणि १९९९ च्या कुम्हो टायर निकालाने हीच कसोटी विज्ञानाबाहेरच्या तज्ज्ञांनाही लावली. भारतात साक्ष सुरुवातीलाच अडवण्यापेक्षा तिला किती महत्त्व द्यायचे यावर भर असतो, तरी भारताच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९९९ च्या जय लाल निकालाचा रोख वेगळा नाही: निष्कर्ष पडताळून पाहता येईल असे निकष तज्ज्ञाने न्यायालयापुढे ठेवले पाहिजेत.

म्हणून उलटतपासणी गृहीतकांवर केंद्रित करावी. विक्री दरवर्षी वाढतच राहिली असती असे अहवालात धरले असेल, तर वाढीचा दर कोणत्या वर्षांवरून काढला, कोणती वर्षे वगळली, मूळ आकडे स्वतः तपासले की पक्षकाराने दिले तसेच घेतले, हे एकेक करून वदवून घ्यावे, आणि दर निम्मा धरला तर भरपाईची रक्कम किती उरते हे गणित साक्षीदाराकडूनच मांडून घ्यावे. (‘का’ हा प्रश्न शक्यतो टाळावा, व्याख्यान देण्यासाठी तज्ज्ञाला तेवढेच निमित्त पुरते.) ग्राह्यतेवरची, म्हणजे साक्ष पुराव्यात घ्यावी की नाही याबाबतची, हरकत मात्र वेळेत आणि नोंदीवर घ्यावी, कारण ती अपिलात प्रथमच काढली तर बहुधा ऐकली जात नाही.

आपल्या बाजूच्या तज्ज्ञाचा बचाव साक्षीच्या दिवशी उभा राहत नाही, तो अहवाल लिहिला जात असतानाच तयार व्हावा लागतो. त्याला प्रतिकूल कागदपत्रेही द्यावीत, मसुद्यात वकिलाची भाषा शिरू देऊ नये, आणि मताच्या मर्यादा त्यानेच लिहाव्यात. इंग्लंडच्या दिवाणी प्रक्रिया नियमांनुसार तज्ज्ञाचे न्यायालयाप्रती असलेले कर्तव्य मानधन देणाऱ्या पक्षाप्रती असलेल्या कर्तव्यापेक्षा वरचढ असते, आणि जिथे असा लेखी नियम नाही तिथेही न्यायाधीश साक्षीदाराला याच नजरेने जोखतात. अहवालातील कच्चा मुद्दा सरतपासणीतच, म्हणजे आपल्याच वकिलाच्या सुरुवातीच्या प्रश्नांत, उघड केला, तर उलटतपासणीत त्याची धार जाते. उलटतपासणीनंतरच्या फेरतपासणीत तो सावरण्याचा प्रयत्न बहुतेक वेळा केविलवाणा दिसतो. तज्ज्ञाचे जुने अहवाल आणि साक्षीही आधी वाचाव्यात. तिथे त्याने वेगळी पद्धत वापरली असेल, तर या वेळी ती का बदलली याचे कारण अहवालातच नोंदवून घ्यावे.