रायवळ आंब्यावरचं घर

प्रश्न : सप्रेम नमस्कार. गुहागरजवळ आमच्या आगरात आजोबांनी कोयीपासून वाढवलेला रायवळ आंबा आहे. खोड एका माणसाच्या कवेत मावत नाही, पहिल्या फांद्या बारा फुटांवर फुटतात. मे महिन्यात आम्ही चार भावंडं, मुलंबाळं आणि आई अशी चौदा माणसं जमतो. सगळ्यांना मावेल असं ऐसपैस घर त्या झाडावर बांधायचं मनात आहे. दोन एसी बेडरूम, दिवाणखाना, छोटं स्वयंपाकघर, संडास-बाथरूम आणि वर कौलं. मिस्त्री म्हणतो, फांद्यांवर लोखंडी चॅनेल टाकून साखळीने आवळू. करावं का?
– एक वाचक, गुहागर

उत्तर : साखळी नको. बाकीचं सावकाश ठरवा, पण एवढं मिस्त्रीला आजच सांगा.

माझ्या मामाच्या फणसावर मी पहिला माळा बांधला, तेव्हा मी नुकतीच आर्किटेक्ट झाले होते. झाडात खिळा मारायचा नाही, या हट्टापायी खोडाला तारेचा दोर गुंडाळला. पाच-सहा वर्षांत दोर सालीत रुतून दिसेनासा झाला. पानांत तयार झालेलं अन्न सालीतूनच मुळांकडे उतरतं. ती वाट चहूबाजूंनी आवळली गेली आणि फणस वाळला. मामी त्या झाडाचे गरे गावभर वाटायची. ते मला अजून लागून राहिलं आहे, म्हणून इतक्या कळकळीने लिहिते आहे.

आता वजन. घराच्या जमिनीवर दर चौरस मीटरला साधारण २०० किलो माणसं-सामान येईल असं धरून आम्ही हिशोब करतो. तुम्ही मागताय तेवढ्या खोल्यांना ६० चौरस मीटर तरी लागतील, म्हणजे १२ टन. त्यात फळ्या, भिंती, भिजलेली कौलं आणि पाण्याची टाकी धरलेली नाही. ५०० लिटरची टाकी भरली की अर्धा टन वाढतो. आणि वाऱ्यात दोन फांद्या कधी एकसारख्या हलत नाहीत. त्यांना एकाच चॅनेलने जखडलं, तर चॅनेल तरी वाकेल, नाहीतर फांदी पिचेल.

अमेरिकेत ओरेगॉनच्या मायकेल गार्नियर यांच्या नावाने ओळखला जाणारा एक जाड पोलादी बोल्ट अशा घरांना वापरतात. खोडात एकच भोक पाडून तो बसवतात, तुळई त्यावर टेकते, पुढे झाड त्याच्याभोवती वाढतं. झाड उंच होतं ते शेंड्याकडे, खोडाचा नुसता घेर वाढतो. त्यामुळे बोल्ट त्याच उंचीवर राहतो. युक्ती उत्तम आहे, पण तुमच्या आंब्याला मी ती सुचवणार नाही. कोकणातल्या पावसात आंब्याची जखम लवकर कुजते, आणि जुन्या खोडाला भिरूड (खोड पोखरून भुसा पाडणारी अळी) लागायला निमित्तच हवं असतं.

केनियातलं ट्रीटॉप्स हे झाडावरचं हॉटेल ठाऊक असेल. १९५२ च्या फेब्रुवारीत ब्रिटनची राजकन्या एलिझाबेथ तिथे मुक्कामी होती आणि त्याच रात्री तिचे वडील वारले. आपला जिम कॉर्बेटही तेव्हा तिथे होता. ते १९३२ साली झाडावर बांधलं तेव्हा दोन खोल्यांचं होतं. १९५४ मध्ये ते जाळलं गेलं, आणि नंतरचं मोठं ट्रीटॉप्स खांबांवर उभं राहिलं. तुम्हीही तेच करा. आंब्यावर भार टाकूच नका.

जमिनीपासून दहा फुटांवर, ऐन किंवा किंजळीच्या खांबांवर दोन खोल्या बांधा, झाडाच्या बाजूला. खांब मातीत पुरू नका, वाळवी खाईल. खाली काँक्रीटचा पाया, त्यात पोलादी बूट, बुटात खांब बोल्टने पक्का. ३ जून २०२० चं निसर्ग वादळ तुम्ही पाहिलंच असेल. वारा घराला नुसता ढकलत नाही, छपरासकट वर उचलतो. पायाचे खड्डे हाताने खणा, जेसीबी आगरात आणूच नका. मनगटाएवढं मूळ लागलं तर मूळ तोडायचं नाही, खड्डा सरकवायचा. घाई करणाऱ्या माणसाला हे काम देऊ नका.

खोड मात्र घरात घ्याच, पण खोलीत नाही, ओटीवर. दोन खोल्यांच्या मध्ये बारा बाय वीसची उघडी ओटी, तिच्यातून आंबा वर जाईल. छपरातून खोड काढलं की पावसाळ्यात पाणी खोडावरून ओघळत थेट आत येतं. रबराची कॉलर लावा, डांबर लावा, ते थांबत नाही. ओटीवर ओघळलं तर बिघडलं काय? फळ्यांमध्ये फटी ठेवा, पाणी खाली निघून जाईल. भिंती कमरेपर्यंतच घ्या आणि जूनमध्ये पडवीला बांधतो तसे झावळ्यांचे झाप लावा.

एसी गाळा, खरंच. आंब्याची सावली आणि समुद्राचा वारा असताना मे महिन्यातही पंखा पुरेल. चूल, गॅस, संडास खालीच असू देत. शोषखड्डा झाडापासून शक्य तितका लांब.

आईंसाठी शिडी नको, जिना हवा. पायरी साडेसहा इंच उंच, अकरा इंच रुंद, मध्ये बसता येईल असा चौक, दोन्ही हातांना कठडा. ओटीचा कठडा साडेतीन फूट, गजांमधलं अंतर चार इंचांहून कमी, म्हणजे लहान पोराचं डोकं अडकणार नाही. मुलं चढतील असे आडवे गज नकोत.

खोडाभोवती चारी बाजूंनी चार इंच मोकळे सोडा आणि तिथल्या फळ्या खिळ्यांनी न ठोकता स्क्रूने लावा. दर मे महिन्यात फट मोजा. दोन इंच उरली की फळी काढून कापून घ्यायची.

लाकूड आणण्याआधी छातीच्या उंचीवर खोडाचा घेर मोजा, बुंध्याशी भुसा पडलेला दिसतो का ते बघा आणि मला कळवा. भुसा असेल तर आधी झाडाचा इलाज, घर पुढच्या वर्षी.