गुलमर्गला जाण्याआधी बर्फाचा अंदाज कसा वाचशील

सोलापुरातून स्की करायला गुलमर्गचं तिकीट काढण्याआधी एक ऐक. अंदाजात नुसतं 'किती सेंटिमीटर' बघू नकोस, तो आकडा कोणत्या उंचीचा आहे ते आधी बघ. गोंडोला (डोंगरावर नेणारी केबल कार) सुटतो ते ठिकाण साधारण २,६५० मीटरवर आहे, दुसऱ्या टप्प्याचं टोक ३,९०० च्याही वर. दर हजार मीटरला हवा सुमारे ६ अंशांनी थंड होते. म्हणून खाली रिपरिप पाऊस आणि वर मस्त हिमवृष्टी, हे एकाच दुपारी घडू शकतं.

काश्मीरला हिवाळ्यात बर्फ देतात ते पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येणाऱ्या वादळी हवामान प्रणाली. हवामान खात्याच्या अंदाजात हा शब्द दिसला की रोज बघत जा, पण आठवड्यापलीकडचे आकडे मनावर घेऊ नकोस.

पडलेला बर्फही बदलत राहतो. हातमोज्यात मूठभर घेऊन दाब. ज्वारीच्या पिठासारखा सुटला तर कोरडा, स्कीला झकास. लगेच घट्ट गोळा झाला तर ओला, वळताना पाय भरून येणार. दुपारी वितळून रात्री गोठलेला सकाळी टणक असतो. तुझ्यासारख्या नवख्यानं ऊन चढेपर्यंत थांबावं.

आणि हिमवृष्टीनंतर आकाश निळंशार झालं तरी दोरीबाहेर, म्हणजे स्कीसाठी आखलेल्या हद्दीबाहेर, अजिबात जायचं नाही. वाऱ्यानं उतारावर साचवलेला नवा बर्फ त्याच एक-दोन दिवसांत सुटण्याचा धोका जास्त असतो. रोज सकाळी हिमस्खलनाची सूचना वाच, स्की गस्तीवाले थांब म्हणाले की थांब.