बावधनच्या बंगल्याला किती केव्हीएचा जनरेटर लागेल?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बावधनला दुमजली बंगला, थ्री-फेज कनेक्शन, चार इन्व्हर्टर एसी, बोअरवेलला दोन एचपीची थ्री-फेज मोटर, आणि आई ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर. एक विक्रेता म्हणतो 30 केव्हीए (जनरेटरची ताकद मोजायचं एकक) घ्या, दुसरा म्हणतो साडेसातवर भागेल. कोणाचं ऐकायचं? आणि घरात पाइपचा गॅस आहे, त्यावर जनरेटर चालेल का?

दोघांचंही नको. तुमच्या घराला 15 केव्हीएचा थ्री-फेज सायलेंट डीजी, म्हणजे डिझेल जनरेटर, पुरेल. पण त्याच्या आधी लिथियम बॅटरीचा चांगला इन्व्हर्टर बसवा. मी पुण्यात बंगल्यांची आणि लहान सोसायट्यांची विजेची कामं आखून देतो, आणि तुमच्यासारखी घरं माझ्याकडे नेहमी येतात. आकडा असा का, ते सांगतो, म्हणजे विक्रेत्याशी बोलताना तुम्हाला स्वतःला पडताळता येईल.

30 चा आकडा कुठून आला असेल, ते कागदावर लगेच दिसतं. चार एसी प्रत्येकी 1.6 किलोवॅट धरून 6.4. तीन गीझर, 6. मोटर 2, इंडक्शन 2, हीटरवालं वॉशिंग मशीन 2, मायक्रोवेव्ह 1.2, इस्त्री 1, दिवे-पंखे 1, फ्रिज 0.3. बेरीज जवळपास 22 किलोवॅट. जनरेटरचा पॉवर फॅक्टर 0.8 धरतात, म्हणजे केव्हीएच्या 0.8 पट किलोवॅट मिळतात, म्हणून 22 ला 0.8 ने भागलं की साडेसत्तावीस, आणि बाजारात त्याच्या वरचा सेट 30 चा. हिशोब बरोबर आहे, पण त्यात घरातली प्रत्येक वस्तू एकाच क्षणी पूर्ण ताकदीने चालू आहे असं धरलंय. लाइट गेल्यावर तीन गीझर, इस्त्री आणि चार एसी एकदम कोणी लावत नाही.

साडेसातवाल्याने उलट बाजूने विचार केलेला दिसतो. 7.5 केव्हीए म्हणजे 6 किलोवॅट. दोन एसी, फ्रिज, दिवे, पंखे यांना ते पुरतं. बोअरवेलची मोटर मात्र त्याने धरलेली नाही.

मोटरचा मुद्दा नीट समजून घ्या, कारण बहुतेक घरांचं गणित तिथेच बिघडतं. दोन एचपीची थ्री-फेज मोटर चालताना साधारण साडेतीन अँपिअर घेते. पण थेट स्टार्टरवर सुरू होताना क्षणभर सहापट, म्हणजे वीस-एकवीस अँपिअर ओढते. केव्हीएत मांडलं तर तो झटका 15 च्या आसपास जातो. तो सेकंदभराचाच असतो आणि अल्टरनेटर (जनरेटरचा वीज बनवणारा भाग) थोडा वेळ आपल्या क्षमतेपेक्षा जास्त करंट देऊ शकतो, म्हणून 15 चा सेट तो सोसतो. दिवे क्षणभर मंद होतील, एवढंच. साडेसातच्या सेटवर त्याच वेळी एसी चालू असले तर व्होल्टेज इतकं पडेल की कॉन्टॅक्टर (मोटरचे चुंबकी स्विच) सुटतील किंवा सेट ट्रिप होईल. मोटरला हळूहळू वेग देणारा सॉफ्ट स्टार्टर किंवा व्हीएफडी लावला तर झटका खूप कमी होतो. मी तो लावाच म्हणेन, जनरेटरच्या मानाने तो स्वस्त आहे.

मोटर वगळून चालणार नाही, त्यालाही पुण्यातलंच कारण आहे. महावितरणची देखभालीची बंदी आपल्याकडे बहुतेक वेळा गुरुवारी असते, आणि महापालिकेचा पाणीपुरवठाही देखभालीसाठी बहुधा गुरुवारीच बंद राहतो. म्हणजे वीज नाही तेव्हाच नळालाही पाणी नाही.

आता चालू ठेवायचंच असं काय ते बघू: दोन एसी 3.2, मोटर 2, मायक्रोवेव्ह किंवा मिक्सर 1.2, दिवे-पंखे-वायफाय 1, फ्रिज 0.3, कॉन्सन्ट्रेटर 0.35. एकूण 8 किलोवॅट. 15 केव्हीएचा सेट 12 किलोवॅट देतो. वर उरलेले चार किलोवॅट मोटरच्या सुरुवातीसाठी आणि बॅटरीच्या चार्जिंगसाठी. हे सगळे माझे अंदाज आहेत. तुम्ही वायरमनला क्लॅम्प मीटर घेऊन बोलवा आणि मे महिन्यातल्या एखाद्या रात्री, सगळं नेहमीसारखं चालू असताना, तिन्ही फेजवरचा करंट वेगवेगळा मोजून घ्या. एसीच्या स्टिकरवरच्या आकड्यापेक्षा हा आकडा खरा.

वेगवेगळा मोजायचा, कारण थ्री-फेज जनरेटरची ताकद तीन भागांत वाटलेली असते. 15 केव्हीए म्हणजे एका फेजला 5 केव्हीए, साधारण 21 अँपिअर, 4 किलोवॅट. बंगल्याचं वायरिंग करताना दोन्ही बेडरूमचे एसी आणि स्वयंपाकघर एकाच फेजवर टाकलेलं असेल, तर त्या फेजवर 4.4 किलोवॅट होतात. बाकीचे दोन फेज रिकामे असले तरी सेट ओव्हरलोडची तक्रार करणार. मग विक्रेता सांगतो की सेट लहान पडला, मोठा घ्या. खरं तर डीबीमध्ये, म्हणजे घराच्या वीजवाटपाच्या बोर्डात, दोन एमसीबींच्या वायरी दुसऱ्या फेजवर हलवायचं काम असतं.

‘मोठा घेतलेला बरा, पुढे उपयोगी पडेल’ हा सल्ला तुम्हाला नातेवाइकांकडूनही मिळेल. डिझेल इंजिनाच्या बाबतीत तो चुकीचा आहे, हे मी आग्रहाने सांगतो. डिझेल इंजिन सतत तीस टक्क्यांच्या खाली चाललं की सिलिंडर पुरेसे तापत नाहीत, डिझेल पूर्ण जळत नाही, न जळलेलं इंधन आणि काजळी एक्झॉस्टमध्ये साचते, सायलेन्सरच्या तोंडातून काळं ओलसर तेल गळू लागतं. रात्री तुमच्या घराचा खरा भार किती? इन्व्हर्टर एसी खोली थंड झाल्यावर सातशे वॅटवर येतात, म्हणजे दोन मिळून 1.4, वर फ्रिज, पंखे आणि कॉन्सन्ट्रेटर, असे जेमतेम 2.4 किलोवॅट. 30 केव्हीएच्या सेटला हा फक्त दहा टक्के भार झाला. 15 च्या सेटलाही वीसच टक्के होतो, आणि म्हणूनच मी बॅटरी आधी म्हणतोय.

48 व्होल्ट 100 अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी म्हणजे साधारण 5 युनिट वीज. 5 केव्हीएच्या इन्व्हर्टरवर रात्रीचा हा 2.4 किलोवॅटचा भार ती दीड-दोन तास चालवेल, एसी बंद ठेवले तर कितीतरी जास्त. पुण्यातल्या बहुतेक वेळच्या लाइट जाण्याला एवढं पुरतं. 2006 साली भारनियमनाच्या काळात इथल्या कारखान्यांनी आपापले जनरेटर चालवून शहराला वीज मोकळी करून दिली होती, ‘पुणे मॉडेल’ म्हणून ते देशभर गाजलं. तसं भारनियमन आता नाही, त्रास असतो तो वळवाच्या पावसात तारांवर पडणाऱ्या झाडांचा, केबल तुटण्याचा आणि गुरुवारच्या बंदीचा. अर्धा-पाऊण तास वीज गेली तर डीजी सुरूच व्हायला नको. तो सुरू होईल तेव्हा घराचा भार 2.4 आणि बॅटरीचं चार्जिंग अडीच असे मिळून पाच किलोवॅट होतात. 15 च्या सेटवर हे चाळीस टक्के, इंजिन नीट तापतं.

आता आईंच्या मशीनबद्दल. एएमएफ पॅनेल असलेला डीजी आपोआप सुरू होतो, पण वीज गेल्याची खात्री करणं, स्टार्ट होणं, व्होल्टेज स्थिरावणं आणि भार घेणं यात दहा-पंधरा सेकंद जातात. पहिल्या प्रयत्नात स्टार्ट झाला नाही तर आणखी जास्त. म्हणून कॉन्सन्ट्रेटर कायम इन्व्हर्टरच्या सर्किटवरच ठेवा, थेट जनरेटरवर नको. आणि ऑक्सिजनचा एक भरलेला सिलिंडर, रेग्युलेटर लावून, त्याच खोलीत असू द्या. किती लिटरचा आणि किती प्रवाहावर, हे डॉक्टरांना विचारून ठरवा. वीज, बॅटरी आणि डीजी तिन्ही एकाच रात्री दगा देऊ शकतात, माणसाच्या श्वासाच्या बाबतीत एवढी काळजी घ्यायलाच हवी.

एएमएफ पॅनेल तिन्ही फेज तपासणारं घ्या. आपल्याकडे पुष्कळदा एकच फेज जातो. पॅनेल फक्त एका फेजकडे बघत असेल तर अर्धं घर अंधारात आणि जनरेटर गप्प. चेंजओव्हर (घराचा भार महावितरणवरून जनरेटरवर नेणारा स्विच) चार पोलचा, म्हणजे न्यूट्रलही तोडणारा हवा. जनरेटरची वायर प्लगमधून किंवा थेट डीबीत घुसवून काम भागवतो असं कोणी म्हणालं तर त्याला घरात पाऊल टाकू देऊ नका. त्या वाटेने वीज उलटी महावितरणच्या तारेत जाते आणि खांबावर काम करणाऱ्या लाइनमनचा जीव जाऊ शकतो. अर्थिंगचे चार खड्डे लागतात, दोन न्यूट्रलचे, दोन बॉडीचे. खर्च वाचवायला सगळ्यात आधी हेच कापलं जातं, म्हणून कोटेशनमध्ये ते लिहून घ्या. विद्युत निरीक्षकांची मंजुरी लागते का, तेही लायसन्सधारक ठेकेदाराकडून लेखी घ्या. छतावर ऑन-ग्रिड, म्हणजे महावितरणच्या लाइनला जोडलेलं, सोलर असेल तर ते चेंजओव्हरच्या महावितरणच्या बाजूला जोडायचं. नाहीतर ते जनरेटरला ग्रिड समजून त्याच्यातच वीज ढकलतं.

जागा. कायद्याने जनरेटरच्या कॅनॉपीपासून (आवाज कोंडणाऱ्या पेटीपासून) एक मीटरवर आवाज 75 डेसिबलपर्यंत चालतो, पण निवासी भागात रात्रीची मर्यादा 45 आहे. साइड मार्जिनमध्ये शेजाऱ्यांच्या बेडरूमच्या खिडकीखाली सेट ठेवलात तर भांडण ठरलेलंच. एक्झॉस्टच्या पाइपच्या उंचीचं सूत्र आहे: इमारतीची उंची अधिक केव्हीएच्या वर्गमुळाचे 0.2 पट मीटर. सात मीटर उंच बंगल्याला 15 केव्हीएसाठी साधारण 7.8 मीटर. बंद गॅरेजमध्ये किंवा पार्किंगच्या कोपऱ्यात सेट अजिबात नको, कार्बन मोनॉक्साइडला वासही नसतो. चौथरा फूटभर तरी उंच बांधा. बावधनमधून राम नदी जाते, आणि सप्टेंबर 2019 मध्ये आंबिल ओढ्याच्या पुराने एका रात्रीत काय केलं ते आपण पाहिलंय.

गॅसचं विचारलंत. पाइपचा गॅस घरात आहे म्हणून त्यावर जनरेटर चालवू, हे ऐकायला छान वाटतं. घरगुती मीटर सहसा तासाला अडीच घनमीटरपर्यंतचा असतो. 8 किलोवॅटला साधारण तीन घनमीटर लागतात, शिवाय तुमची शेगडी वेगळी. मोठा मीटर आणि जास्त दाब मिळणार असेल तरच विचार करा. पेट्रोलचे हातात उचलायचे सेट एवढ्या घराला पुरणार नाहीत. त्यात पुणे समुद्रसपाटीपासून 560 मीटरवर असल्यामुळे त्यांची पाच-सहा टक्के ताकद आधीच कमी होते.

डिझेलचा खर्च युनिटला साधारण 0.3 लिटर. लिटरला नव्वद रुपये धरले तरी नुसत्या इंधनाचे सत्तावीस रुपये, म्हणून गीझर जनरेटरवर नकोच. विकत घेताना सीपीसीबी (केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ) चार प्लस मानकाचं लेबल बघा. जुन्या मानकाचे सेट विकायची मुदत जून 2024 मध्ये संपली आहे. ब्रँडबद्दल मी फार आग्रही नाही. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स खडकीची, कमिन्स कोथरूडची, त्यामुळे सुटे भाग आणि मिस्त्री दोन्ही पुण्यात सहज मिळतात. विक्रेत्याला एवढंच विचारा, की रविवारी रात्री सेट बंद पडला तर कोण येणार.

देखभालीत दोन गोष्टी सोडू नका. महिन्यातून एकदा वीस-तीस मिनिटं घराचा भार देऊन चालवा, रिकामा नको. आणि स्टार्टरची 12 व्होल्टची बॅटरी तपासत राहा. जनरेटर ऐन वेळी सुरू न होण्याचं सर्वांत नेहमीचं कारण तीच असते. तास कमी भरले तरी वर्षातून एकदा ऑइल बदला, आणि कॅनॉपीत उंदीर शिरायच्या फटी जाळीने बंद करा, ते वायरी कुरतडतात.

तिन्ही फेजचे मोजलेले अँपिअर आणि डीबीवर कोणता एसी कुठे आहे, एवढं इथे टिप्पणीत लिहा. फेजची वाटणी कशी करायची ते मी मांडून देतो, मग दोन्ही विक्रेत्यांकडून 15 चं कोटेशन पुन्हा मागवा.