पंधरा मिनिटांनी उडणारा फ्यूज

प्रश्न : माझ्याकडे 50 वॅटचा व्हॉल्व्हचा (काचेच्या नळ्यांचा) गिटार अ‍ॅम्प आहे, शेवटच्या टप्प्यात दोन ईएल34 व्हॉल्व्ह. पंधरा मिनिटं छान वाजतो, मग घूं आवाज वाढतो, उजवीकडचा व्हॉल्व्ह लालबुंद होतो आणि एचटीचा (व्हॉल्व्हना जाणाऱ्या उच्च डीसी व्होल्टेजचा) 1 अँपियरचा फ्यूज उडतो. नवी जोडी घातली, तरी महिन्याभरात तेच, तेही उजवीकडेच. आता 3 अँपियरचा फ्यूज घालायचा सल्ला मिळालाय. घालू का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : मुळीच घालू नका. फ्यूज वेळेवर उडतोय म्हणून आउटपुट ट्रान्सफॉर्मर शाबूत आहे. जाड फ्यूज घातलात तर पुढच्या वेळी ट्रान्सफॉर्मरच जळेल.

तुमच्या पत्रातला कामाचा शब्द ‘उजवीकडेच’ हा आहे. व्हॉल्व्ह बदलूनही लाली त्याच सॉकेटवर राहते, म्हणजे दोष त्या बाजूच्या सर्किटमध्ये आहे. दोन्ही लाल झाले असते तर आधी बायसचा (व्हॉल्व्हचा प्रवाह आवरून धरणाऱ्या उणे व्होल्टेजचा) पुरवठा तपासावा लागला असता.

पहिला संशय कपलिंग कंडेन्सरवर. फेज इन्व्हर्टरच्या (दोन्ही ईएल34ना एकमेकांच्या उलट सिग्नल देणाऱ्या आधीच्या व्हॉल्व्हच्या) प्लेटवरचे साधारण 240 व्होल्ट डीसी अडवायचे आणि गिटारचा सिग्नल तेवढा पुढे सोडायचा, हे त्याचं काम. पुढे ईएल34च्या ग्रिडवर (प्रवाह नियंत्रित करणाऱ्या जाळीवर) बायसचे उणे 40 व्होल्ट असतात. कंडेन्सरमधून 10 मेगाओहमइतकी जरी गळती सुरू झाली, तरी 220 किलोओहमच्या ग्रिड रेझिस्टरवर सुमारे 6 व्होल्ट चढतात आणि उणे 40चे उणे 34 होतात. तेवढ्यानं व्हॉल्व्हचा प्रवाह दुपटीच्या आसपास जातो आणि 25 वॅट सोसणारी प्लेट लाल होते. गळती उष्णतेनं वाढते, म्हणून थंड अ‍ॅम्प पहिली पंधरा मिनिटं बिनतक्रार वाजतो.

उघडण्यापूर्वी एक गोष्ट. प्लग काढल्यावरही फिल्टर कंडेन्सरमध्ये 400 व्होल्टच्या वर वीज टिकून राहू शकते आणि ती जीव घेऊ शकते. 10 किलोओहम, 10 वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपांनी प्रत्येक फिल्टर कंडेन्सरचं प्लस टोक आणि चॅसी यांच्यात दहा सेकंद धरा, मग मीटरनं खात्री करा. हे काम आधी कधी केलं नसेल तर अ‍ॅम्प मेकॅनिककडे न्या आणि हे उत्तर त्यांना दाखवा.

आता दोन्ही ईएल34 काढा, बाकीचे व्हॉल्व्ह आणि स्पीकर राहू द्या. आधी सिरीज बोर्डावर (बल्बमधून जाऊनच अ‍ॅम्पला वीज मिळते असा बोर्ड) 100 वॅटचा जुना पिवळा बल्ब लावून चालू करा. एलईडी बल्ब इथे चालत नाही. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर पुरवठ्यात शॉर्ट नाही, मग थेट मेन्सवर लावा. स्टँडबाय स्विच वाजवण्याच्या स्थितीत करून दोन्ही सॉकेटच्या पिन 5वरचा (ग्रिडचा) व्होल्टेज मोजा (खालून पाहताना खाचेपासून घड्याळाच्या दिशेनं पाचवी). दोन्हीकडे आकडा सारखा हवा. हेअर ड्रायरनं कंडेन्सरला हलकी ऊब द्या. उजवीकडचा आकडा शून्याकडे सरकू लागला की दोष सापडला. व्हॉल्व्ह काढलेले असताना एचटी चढते, त्यामुळे हे दहा मिनिटांत उरका.

आकडा हललाच नाही तर वीज काढून पिन 5 ते बायस हा रेझिस्टन्स मोजा. तो 220 किलोओहमच्या जरासा वर यावा. फारच जास्त आला तर रेझिस्टर तुटलाय. सॉकेटची पिन सैल झाली असेल तरीही ग्रिडला बायस मिळत नाही आणि व्हॉल्व्ह असाच लाल होतो.

कंडेन्सर 0.022 मायक्रोफॅरड, 630 व्होल्ट, पॉलिप्रॉपिलीनचा घ्या आणि दोन्ही बाजूंचे बदला. बायसचे इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर जुने असतील तर तेही बदला, पण तिथे प्लस टोक चॅसीला जातं. नेहमीच्या सवयीनं उलटा बसवलात तर फुटेल. लाल झालेल्या बाजूचा पिन 4चा स्क्रीन रेझिस्टर (बहुधा 1 किलोओहम, 5 वॅट) तपासायला विसरू नका.

शेवटी बायस लावा. पिन 8 आणि चॅसी यांच्यात 1 ओहमचा रेझिस्टर असला की जितके मिलीव्होल्ट तितके मिलीअँपियर. प्लेटवर 450 व्होल्ट असतील तर 25 वॅटच्या 70 टक्के, म्हणजे सुमारे 39 मिलीअँपियर ही वरची मर्यादा. 35 वर ठेवून अर्धा तास पाहा.

प्रश्न : ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पचा आवाज मधेच बारीक होतो, तार जोरात छेडली की परत येतो. (एक वाचक, नाशिक)

उत्तर : मागे ‘सेंड’ आणि ‘रिटर्न’ हे जॅक असतील तर त्या दोघांत एक छोटी पॅच केबल लावा. आवाज स्थिर झाला तर रिटर्न जॅकमधल्या स्विचचा संपर्क गंजलाय. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून प्लग दहा-बारा वेळा आत-बाहेर करा. पावसाळ्यानंतर ही तक्रार पुन्हा येऊ शकते; तेव्हा मात्र जॅकच बदला.