ट्रान्झिस्टरच्या श्मिट ट्रिगरमध्ये वरचा आणि खालचा थ्रेशोल्ड वेगवेगळा कसा सेट करायचा?

म्हणजे तुमचं म्हणणं असं की तुमच्या श्मिट ट्रिगरमध्ये (इनपुट वरच्या थ्रेशोल्डला पोचलं की उलटणारं आणि त्याहून खालच्या थ्रेशोल्डला आलं की परत येणारं सर्किट) दोन बीसी५४७ ट्रान्झिस्टर आहेत, इनपुटचा क्यू१ आणि आउटपुटचा क्यू२, दोघांना मिळून एकच एमिटर रेझिस्टर, १२ व्होल्ट सप्लाय, आणि क्यू२ च्या बेसपासून ग्राउंडला जाणाऱ्या रेझिस्टरच्या जागी तुम्ही पॉट (फिरवून बदलता येणारा रेझिस्टर) लावलाय पण तो फिरवला की दोन्ही थ्रेशोल्ड एकदम सरकतात. सरकणारच. मी पण पहिल्यांदा हाच पॉट दोन संध्याकाळ फिरवत बसलो होतो, शेवटी कागद घेतला तेव्हा कुठे डोक्यात शिरलं.

आधी वरचा थ्रेशोल्ड घ्या. क्यू१ बंद असताना क्यू२ च्या बेसवर जो व्होल्टेज असतो तोच साधारण वरचा थ्रेशोल्ड, कारण एमिटर त्याच्यापेक्षा ०.६५ खाली बसतो आणि क्यू१ ला चालू व्हायला तेच ०.६५ वर यावं लागतं, म्हणजे दोन्ही कटतात. क्यू१ चा कलेक्टर रेझिस्टर २.२ के, तिथून क्यू२ च्या बेसला १० के आणि बेसपासून ग्राउंडला १० के धरला तर १२ गुणिले १० भागिले २२.२, म्हणजे ५.४ व्होल्ट. प्रत्यक्षात मोजाल तेव्हा ५.२ च्या आसपास दिसेल, क्यू२ चा बेस करंट या तीन रेझिस्टरांच्या डिव्हायडरला थोडा खाली ओढतो म्हणून, घाबरू नका. आणि बघा, या हिशोबात एमिटर रेझिस्टर कुठेच नाहीये! सगळी गंमत इथेच आहे.

खालच्या थ्रेशोल्डला मात्र तो येतो. क्यू१ चालू असताना त्याचा करंट २.२ के मधून जातो आणि डिव्हायडरचा व्होल्टेज पाडतो, इनपुट खाली आणत गेलं की करंट कमी होतो, बेस वर येतो, आणि जिथे क्यू२ चा बेस इनपुटइतका होतो तिथे सर्किट उलटतं. एमिटरला १ के असेल तर हे साधारण ३ व्होल्टला होतं, १.५ के केला तर ३.५ ला, आणि वरचा थ्रेशोल्ड जवळजवळ जागचा हलत नाही. उलट तुमचा पॉट १० के वरून ८.२ के वर आणला की वरचा ५.४ चा ४.८ होतो आणि खालचा ३ चा फक्त २.९ च्या आसपास, म्हणजे दोन्ही हलतात पण सारखे नाही, म्हणूनच तुम्ही गोंधळलात.

तेव्हा क्रम असा ठेवा, आधी डिव्हायडरने वरचा लावा, मग त्याला हात न लावता एमिटर रेझिस्टरने खालचा. उलट क्रमाने गेलात तर गोल गोल फिराल.

एमिटर रेझिस्टर कमी करताना एक जपा. खालचा अजून खाली हवा म्हणून ६८० ओहम टाकला तर क्यू२ मधून ७ मिलिअँप जातील, आणि त्याच्या कलेक्टरला १ के असेल तर तो सॅच्युरेशनच्या (म्हणजे पूर्ण उघडून कलेक्टर-एमिटरमध्ये जवळजवळ व्होल्टेजच न उरण्याच्या) दारात जाऊन उभा राहतो. सॅच्युरेट झाला की वरचा सगळा हिशोब गेला, कारण मग एमिटरचा व्होल्टेज डिव्हायडर एकटा ठरवत नाही, कलेक्टर रेझिस्टरही मध्ये येतो. तेव्हा तो रेझिस्टरही त्याच वेळी कमी करा, ४७० चालेल. तसाही आउटपुट शून्यापर्यंत जाणार नाहीये, एमिटरला १ के आणि कलेक्टरला १ के घेतला तर "लो" म्हणजे ७ व्होल्टच्या वर, पुढे लॉजिक जोडायचं असेल तर एक पीएनपी ट्रान्झिस्टर लागेलच.

आता ज्याच्यात बहुतेक लोक फसतात ते. वरच्या थ्रेशोल्डला पोचेपर्यंत क्यू१ चा बेस काहीच ओढत नाही, पण खालच्या थ्रेशोल्डला क्यू१ मधून २.४ मिलिअँपच्या आसपास जात असतात, म्हणजे बीटा (कलेक्टर करंट बेस करंटच्या किती पट ते) १०० धरला तर बेसला २४ मायक्रोअँप. सेन्सर म्हणजे एलडीआर (उजेडाने बदलणारा रेझिस्टर) आणि १०० के चा डिव्हायडर असेल तर एलडीआरही १०० के ला असताना मागचा रेझिस्टन्स ५० के पडतो आणि त्यावर १.२ व्होल्ट पडतात, म्हणजे सेन्सरच्या दृष्टीने खालचा थ्रेशोल्ड तेवढा वर सरकला आणि हिस्टेरेसिस (दोन थ्रेशोल्डमधलं अंतर) अर्धा झाला. बेसवर मीटर लावलात तर सगळं बरोबर दिसतं, म्हणून सापडत नाही! त्यामुळे सेट करताना इनपुटला १ के चा पॉट लावून हळूहळू फिरवा, आकडे जुळले की मग सेन्सर जोडा, आणि सेन्सर जोडल्यावर खालचा पॉइंट बदलला तर दोष तुमच्या रेझिस्टरांचा नाही, मध्ये एक एमिटर फॉलोअर (सेन्सरकडून फार कमी करंट ओढणारा ट्रान्झिस्टर) टाका. फॉलोअर टाकलात तर मात्र दोन्ही थ्रेशोल्डमध्ये त्याचे ०.६५ मिळवायला विसरू नका.

आणि सप्लाय रेग्युलेटेड आहे ना? वरचा थ्रेशोल्ड सरळ सप्लायच्या प्रमाणात जातो, ९ व्होल्टला हाच ५.४ चा ४.०५ होतो.